नवरदेवाकडच्या मंडळींचे कपडे भाड्याने घेताना : आधी खांदा, मग रंग

दुकानात नवरदेवाकडची मंडळी शिरली की पहिला प्रश्न रंगाचा असतो. "मास्तर, वाइन कलरमध्ये काय आहे?" मागोमाग मोबाइल पुढे येतो, त्यात कुणाच्या तरी लग्नातला फोटो असतो आणि "सेम असंच पाहिजे" हे ठरलेलं वाक्य. गेली १२ वर्षं मी साताऱ्यात लग्नाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात फिटिंगच्या टेबलावर बसतो. टेप, खडू आणि टाचण्या एवढंच माझं सामान. काउंटरवर काय ठरलं यापेक्षा लग्नाच्या आदल्या दिवशी टेबलावर काय येऊन पडतं, ते मला जास्त ठाऊक आहे. ज्या घरात पहिलंच लग्न आहे आणि कपड्यांची जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडली आहे, त्या भावासाठी, त्या मित्रासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधी मनात पक्की बसू द्या. विकत घेताना तुम्ही डिझाइन पसंत करता. माप नसेल तर दुकानदार दुसरं मागवून देतो. भाड्याने घेताना तुम्ही एक नग घेता. तोच एक कोट, जो गेल्या आठवड्यात कराडच्या नवरदेवाच्या अंगावर होता आणि पुढच्या आठवड्यात वाईला जाणार आहे. त्याच्या खांद्याची रुंदी ठरलेली, त्याच्या बाहीत आता किती कापड शिल्लक आहे तेही ठरलेलं. म्हणून रंग सगळ्यात शेवटी. आधी तारीख, मग माणूस, मग खांदा. आणि या तिन्ही चाळण्यांतून जे नग उरतील त्यांत रंग बघायचा.

कोणत्या विधीला काय, हे घरीच ठरवा

आपल्याकडे एका दिवसात हळद, अक्षता, होम, वरात आणि संध्याकाळी रिसेप्शन असा सगळा कार्यक्रम उरकतो. प्रत्येकाला वेगळा कपडा भाड्याने घ्यायचा म्हटलं तर खर्चही वाढतो आणि नवरदेवाचा अर्धा दिवस कपडे बदलण्यात जातो. भाड्याने काय घ्यायचं आणि काय अजिबात घ्यायचं नाही, हे दुकानाची पायरी चढण्याआधी ठरलेलं असावं.

हळदीला भाड्याचं काहीही घालू नका. हळद कापडात रंगासारखीच भिनते, आणि घाबरून त्यावर साबण चोळला की डाग लाल होतो. मग तो नग आमच्या उपयोगाचा राहत नाही आणि त्याचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून जातात. हळदीसाठी साधा सुती कुर्ता विकत घ्यावा, डाग पडले तरी तो घरातच राहतो. नवरदेवाच्या भावांनी आणि मित्रांनीही हे पाळावं, कारण हळद नवरदेवापुरती थांबत नाही.

होमाला बसतानाही भाड्याची शेरवानी नको. हे मी कळकळीने सांगतो. भाड्याच्या शेरवानीचं कापड दिसायला रेशमी असलं तरी बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. सुती कापडावर ठिणगी पडली की जळून भोक पडतं. पॉलिएस्टर वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. त्यात पाटावर मांडी घालून बसायचं, पळीने तूप सोडायचं, लाह्या अर्पण करायच्या. ज्या घरांत सोवळं किंवा पीतांबर नेसून विधी करतात तिथे हा प्रश्न येतच नाही. तुमच्याकडे ती रीत नसली तरी तेवढ्या वेळेपुरतं स्वतःचं धोतर-उपरणं किंवा सुती कुर्ता ठेवा. धोतर नेसायची सवय नसेल तर शिवलेलं धोतर बाजारात मिळतं आणि ते फार महागही नसतं.

मग उरतात अक्षता, वरात आणि रिसेप्शन. भाड्याचे कपडे खरे शोभतात ते इथे.

अक्षतांना शेरवानी किंवा जोधपुरी, असा सध्याचा कल आहे. जोधपुरी म्हणजे बंद गळ्याचा, कमरेखाली येणारा कोट, त्याखाली पँट. शेरवानी गुडघ्यापर्यंत येते, खाली चुडीदार किंवा धोती पँट. उंची पाच फूट चार इंचांच्या आसपास असेल तर गुडघ्याखाली उतरणारी शेरवानी माणसाला अजून बुटकं दाखवते. अशांना मी जोधपुरीच सुचवतो. पोट असलेल्यांना सरळ पडणारी, कमी जरीची शेरवानी चांगली दिसते, पण जोधपुरीचं मधलं बटण पोटावर ताणतं. रिसेप्शनला थ्री पीस किंवा ब्लेझर. संध्याकाळची वेळ, उभं राहून फोटो काढायचे, बसायचं कमी, त्यामुळे सूट तिथे सुखाचा.

मे महिन्यात मंडपात लग्न असेल तर मखमलीचा विचार सोडून द्या. पंखे कितीही लावा, अस्तराचा कोट, त्यावर उपरणं, डोक्यावर फेटा आणि समोर व्हिडिओवाल्याचे दिवे. उन्हाळ्यात नवरदेवाला घेरी आलेली मी दोनदा पाहिली आहे.

अक्षतांबद्दल एक छोटी गोष्ट. तांदूळ कुंकवात घोळवतात, आणि तो ओलसर राहिला की क्रीम रंगाच्या शेरवानीवर खांद्यापासून छातीपर्यंत गुलाबी ठिपके उठतात. क्रीम किंवा मोतिया रंगच हवा असेल तर घरच्या बायकांना सांगून अक्षता दोन दिवस आधी करून सावलीत पूर्ण वाळवून घ्या. हॉलवर आयत्या वेळी कालवलेल्या अक्षता आणि भाड्याची क्रीम शेरवानी यांचं कधी जमत नाही.

मंडळी म्हणजे नेमके कोण

यादी केल्याशिवाय दुकानात येऊ नका. नवरदेव, वडील, सख्खे-चुलत भाऊ, मामा, काका, भावोजी, मित्र आणि छोटे करवले. प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: भाड्याने घ्यायचंय की स्वतःचं आहे, कोणत्या कार्यक्रमाला घालणार, आणि ट्रायलला येऊ शकतो का. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला भाऊ आणि सुरतेला असलेले मामा आयत्या वेळीच उगवतात, आणि फिटिंगचा घोळ नेमका त्यांच्याच कोटाचा होतो.

भावोजींना आणि मामांना आधी विचारा. मानाची माणसं आहेत. त्यांच्या हातात परस्पर ठरवलेला गुलाबी कोट देऊ नये. वडिलांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: वडिलांना मुलाच्या मित्रांसारखे मॅचिंग कपडे घालायला लावू नका. त्यांच्याकडे चांगला सफारी असेल, धोतर-कोट-टोपी असेल, तर त्यातच ते वडील दिसतात. दिवसभर आहेर घेणं, पाया पडून घेणं, आचाऱ्याकडे धावणं, हे सगळं त्यांना करायचं असतं. सवयीचा कपडा त्यांना सुसह्य होतो.

मित्रांसाठी आणि चुलत भावांसाठी मी गेली काही वर्षं एकच सल्ला देतो. स्वतःचा पांढरा कुर्ता-पायजमा आणि भाड्याने फक्त नेहरू जॅकेट. जॅकेटला बाही नाही, खांद्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो, छातीचं माप बरोबर असलं की बस. एकाच रंगाचे सात-आठ नग वेगवेगळ्या मापांत दुकानात मिळण्याची शक्यता जॅकेटमध्ये बरीच, सूटमध्ये फारच कमी. सूटमध्ये ४० आणि ४२ ची मापं लवकर संपतात, कारण लग्नाच्या वयाची बरीच मुलं त्याच मापात बसतात. सातव्या मित्रासाठी ४४ चा कोट आवळून ४० करायला लावला, तर त्याचे खिसे मागच्या बाजूला सरकतात आणि खांदे बाहेर लोंबत राहतात. एकसारखा रंग मिळतच नसेल तर ठरवून दोन रंग घ्या, सख्ख्या भावांचा एक आणि मित्रांचा दुसरा. मुद्दाम केलेलं दिसतं. सातांतला एकच वेगळ्या छटेचा असेल तर ती चूक वाटते.

करवल्यांचं माप सगळ्यांत शेवटी घ्या. सात-आठ वर्षांचा मुलगा तीन महिन्यांत उंच होतो.

तारखांचं गणित

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे गर्दी सुरू होते, ती आषाढी एकादशीपर्यंत. मधे पौषात जरा उसंत. पण सगळे दिवस सारखे नसतात. पंचांगातला एखादा मोठा मुहूर्त, अक्षय्य तृतीयेसारखा दिवस, की जिल्ह्यातली सगळी लग्नं त्याच तारखेला. त्या दिवशी चांगले नग कुणा ना कुणाच्या अंगावर असतात. तुमची तारीख अशी असेल तर तीन महिने आधी या. आडदिवसाची असेल तर दीड महिना पुरतो.

आता सगळ्यात मोलाचा प्रश्न, जो मला आजवर अगदी मोजक्या गिऱ्हाइकांनी विचारला आहे: "माझ्या आधीचं या नगाचं बुकिंग कोणत्या तारखेचं आहे आणि तो परत कधी येणार?"

हा विचाराच. तुमचं लग्न १५ तारखेला आणि तोच नग १३ तारखेला दुसरीकडे, तर तो १४ ला दुपारी परत येईल. तोवर घाम, अत्तर, झेंडूच्या हाराचे डाग. ड्रायक्लीनला वेळ नाही, नुसती वाफेची इस्त्री मारून तुमच्या हातात पडेल. शिवाय आधीच्या माणसासाठी आवळलेली कंबर उसवून तुमच्या मापाला करायची तीही त्याच संध्याकाळी. दोन बुकिंगांच्या मधे निदान चार दिवस असतील तरच तो नग घ्या. दुकानदाराच्या वहीत हे सगळं लिहिलेलं असतं. वही बघायला मागायला संकोच करू नका.

पुढचं वेळापत्रक असं ठेवा. नग ठरवणं दीड ते तीन महिने आधी. पक्की ट्रायल आठ-दहा दिवस आधी, कारण लग्नाआधी केळवणांच्या जेवणावळीत नवरदेवाची कंबर एक इंच वाढतेच. ताबा एक दिवस आधी, आणि तोही सकाळी. संध्याकाळी आठला नेलेला कोट घरी घालून पाहिला आणि काही निघालं, तर मी टेबलावरून उठलेलो असतो.

माप आणि ट्रायल

इथे थांबून सावकाश वाचा, कारण बाकी सगळं निभावता येतं, पण फिटिंग चुकलं की ते अल्बममध्ये कायमचं राहतं.

फोनवरून माप घेऊ नका. "माझा शर्ट ४०" म्हणणाऱ्या माणसाला कोट ४० चाच बसेल असं नाही, कारण प्रत्येक कंपनीच्या शर्टाची ढील वेगळी. पँटची कंबर तर त्याहून फसवी. पोट असलेला माणूस पँट पोटाखाली घालतो आणि तीच कंबर सांगतो. शेरवानी मात्र पोटावरून पडते. माझ्या स्वतःच्या चुलत्यांच्या बाबतीत हे झालं आहे. मी मास्तर असून फोनवर माप लिहून घेतलं, कारण ते गावाकडून येऊ शकत नव्हते. लग्नाच्या सकाळी शेरवानीची खालची तीन बटणं लागेनात. त्यांनी ती उघडीच ठेवून वरून उपरणं ओढून घेतलं आणि दिवसभर ते उपरणं हाताने सावरत राहिले. लांबचा माणूस येऊच शकत नसेल, तर त्याच्या गावच्या शिंप्याकडून माप घ्यायला सांगा: छाती, पोट, सीट (कुल्ल्यांचा घेर), खांदा, बाही, कोटाची उंची, गळा, आणि पँटची आतली उंची. आणि शक्य असेल तर त्याचा अंगाला नीट बसणारा एक कोट एसटीच्या पार्सलने मागवून घ्या. कोटावरून घेतलेलं माप चुकत नाही.

ट्रायलला येताना लग्नात घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून या. टी-शर्टवर कोट घालून बघितलेली ट्रायल मी ट्रायल समजत नाही. बुटाच्या टाचेवर पँटची उंची अवलंबून असते, शर्टाच्या कफावर कोटाची बाही.

पहिल्यांदा खांदा. कोट घालून भिंतीला खांदा लावून उभं राहा. कोटाच्या खांद्याची कड आणि तुमचं हाड एकाच वेळी भिंतीला लागलं पाहिजे. कापड आधी टेकून दुमडलं तर कोट मोठा. हाड आधी टेकलं आणि बाही वरून फुगली तर लहान. खांदा चुकलेला नग तिथल्या तिथे परत करा, रंग कितीही आवडलेला असो. खांदा उसवून बसवणं म्हणजे बाही काढून कोट पुन्हा शिवणं. भाड्याच्या कपड्यावर ते कुणी करत नाही.

काय बदलता येतं, तेही माहीत असू द्या. पँटची कंबर मागच्या शिवणीतून आवळता येते, आणि शिवणीत माया असेल तर इंच-दीड इंच सैलही करता येते. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. पँट उलटी करून बघा, दिसतं. साध्या कोटाची बाही इंचभर कमी-जास्त होते. बाजूच्या शिवणी आवळता येतात. कोटाची उंची बदलत नाही. शेरवानीच्या बाहीच्या टोकाला जरीकाम असेल तर ती बाही खालून कमी करता येत नाही, जरीकामच कापलं जातं. म्हणून जरीच्या कफाची बाही आहे त्या लांबीलाच बसली पाहिजे.

नवरदेवाने आरशासमोर नुसतं उभं राहून चालत नाही. लग्नात जे जे करायचं आहे ते सगळं ट्रायल रूममध्ये करून बघा. दोन्ही हात वर करा, हार घालायचा आहे आणि नवरीचे भाऊ तिला उचलून धरणार आहेत. वाकून जमिनीला हात लावा, दिवसभरात शंभर माणसांच्या पाया पडायचं आहे. आणि खाली मांडी घालून बसा. शेवटचं कुणी करत नाही, आणि चुडीदार तिथेच फाटतो. सीटला आणि गुडघ्याला ताण वाटला तर एक माप मोठा चुडीदार घ्या. तळाच्या चुण्या जरा जास्त पडतील, शेरवानीखाली त्या चांगल्याच दिसतात. नाडी सुती असावी, सॅटिनची नाडी घसरते.

बंद गळ्याचा कोट असेल तर गळ्याचा हूक लावून दोन बोटं आत जातात का बघा, आणि मान खाली घालून बघा. अंतरपाटामागे मंगलाष्टकं संपेपर्यंत मान खालीच असते. सूट असेल तर वरचं बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या चुण्या पडू नयेत. खालचं बटण मोकळं ठेवायचं असतं, वेस्टकोटचंही. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, आणि तिच्याबाहेर शर्टाचा कफ अर्धा इंच.

हे सगळं जमलं की मग रंग. नवरीच्या शालूचा नाहीतर ब्लाउजपीसचा तुकडा बरोबर आणा. मोबाइलवरचा फोटो उपयोगाचा नाही, प्रत्येक स्क्रीन वेगळा रंग दाखवते. आणि तुकडा कोटाला लावून दुकानाच्या दारात, उजेडात जाऊन बघा. ट्यूबलाइटखाली वाइन वाटणारा कोट उन्हात जांभळा निघतो. नवरीच्या साडीचा हुबेहूब रंग नवरदेवाने घालावा असं मला वाटत नाही. दोघं एकाच तागातून कापल्यासारखी दिसतात. शालूच्या काठाचा रंग नवरदेवाच्या उपरण्यात किंवा फेट्यात आणा, कोट तटस्थ ठेवा. अगदी बारीक चौकडी आणि बारीक रेघांचा सूट मात्र टाळा, व्हिडिओत त्या रेघा थरथरतात. फेट्यांचा रंगही याच वेळी ठरवून फेटेवाल्याला कळवा, कारण दहा रंगांच्या कोटांवर शेवटी एकसारखे फेटेच सगळ्यांना एका घरचं दाखवतात.

नग तपासून घ्या

नवे कपडे तपासतो त्याहून जास्त बारकाईने वापरलेले कपडे तपासायचे. कोट उजेडात तिरका धरून छातीचा भाग बघा. हलक्या कोटात आतलं कडक कापड शिवलेलं नसतं, गरम दाबाने चिकटवलेलं असतं. वारंवार ड्रायक्लीन केल्यावर ते सुटतं आणि वरच्या कापडावर पापडासारखे फुगे येतात. इस्त्रीने ते तात्पुरते बसतात, घाम आला की पुन्हा वर येतात. असा नग नकोच.

मग काखेचं अस्तर, कॉलरची आतली कड, पँटची चेन, मांड्यांमधली शिवण. जरीवरून हलका हात फिरवा; तार टोचत असेल तर ती दिवसभर गळ्याला टोचेल. काजाला बटण घट्ट बसतं का, की आपोआप सुटतं. आणि वास घ्या. घामाचा दर्प दुकानातल्या गार हवेत कमी येतो, म्हणून काखेत नाक घालूनच घ्यावा लागतो. अवघडू नका, मी स्वतः रोज तेच करतो.

मोजडी मात्र भाड्याने घेऊ नका. दुसऱ्याच्या पायाने ताणलेली मोजडी तुमच्या पायाची होत नाही. साधी विकत घ्या आणि आठवडाभर घरात रोज अर्धा तास घाला, नाहीतर वरातीत टाच सोलवटते.

बिलावर काय असलं पाहिजे

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात त्याला हवी तशी शेरवानी आमच्या दुकानात नव्हती, म्हणून आम्ही दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून घेतली. ट्रायल उत्तम झाली. आदल्या दिवशी पिशवी घरी आणून उघडली तर डिझाइन तेच, पण नग दुसरा. खांदा पाऊण इंच मोठा. दुकानदार म्हणाला, "तेच आहे की, साहेब." बिलावर फक्त "मरून शेरवानी १ नग" लिहिलं होतं, त्यामुळे आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. मी रात्री घरी बसून खांद्याखाली कापसाची गादी टाचली. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: बिलावर नगाचा नंबर लिहून घ्या. बहुतेक दुकानांत अस्तराला किंवा कॉलरखाली शिक्का नाहीतर चिठ्ठी शिवलेली असते. नसेल तर ट्रायलच्या वेळी त्या नगाच्या एखाद्या खुणेचा फोटो काढून ठेवा.

नंबराबरोबर ताब्याची आणि परतीची तारीख वेळेसकट, भाडं किती, डिपॉझिट किती, उशीर झाल्यास रोजचे किती, आणि डाग किंवा फाटल्यास किती कापणार. "बघू तेव्हा" हे उत्तर घेऊ नका. फिटिंगचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, तारीख पुढे गेली तर आगाऊ रक्कम धरणार की बुडणार, हेही विचारा. घरात अचानक सुतक आलं तर लग्न पुढे ढकलावं लागतं. आणि बरोबर मिळणाऱ्या वस्तू मोजून लिहा: उपरणं, ब्रोच, माळ, कलगी, कमरेची कट्यार. कलगीतला एखादा खडा आधीच पडलेला असतो आणि तो नेमका तुमच्या नावावर लागतो.

पैशांचं एक गणित घरच्यांना आधीच सांगा. समजा सात जणांचं भाडं दरडोई २,००० आणि डिपॉझिटही तेवढंच. खर्च १४,००० चा, पण हातात २८,००० लागतात, आणि त्यातले निम्मे लग्न झाल्यावरच परत येतात. नेमक्या त्याच दिवसांत आचारी, मांडव, बँड सगळ्यांना रोख द्यायची असते. डिपॉझिटची रक्कम वेगळी काढून ठेवली की ओढाताण होत नाही.

भाडं विकतच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात असेल तर मी स्वतः विकत घ्यायला सांगतो, खास करून काळा किंवा नेव्ही ब्लू साधा सूट. तो नंतर मुलाखतीला, दुसऱ्यांच्या लग्नाला वापरता येतो. भरजरी शेरवानी मात्र भाड्यानेच बरी, ती पुन्हा अंगावर चढत नाही.

लग्नाचा दिवस आणि परतीचा

ताबा घेताना दुकानातच प्रत्येक नगाचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा, पुढून, मागून, अस्तराचा. आधीचा डाग दिसला तर तिथेच बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर पिशवीतून काढून जाड हँगरला टांगा. जरीवर थेट इस्त्री फिरवू नका, ती काळवंडते.

कपड्यांची सगळी जबाबदारी एकाच माणसावर द्या, आणि तो नवरदेव नसावा. त्याच्याकडे एक पिशवी: सुई, कोटांच्या रंगाचे दोरे, सेफ्टी पिना, दोन जास्तीची बटणं, एक सुती रुमाल, टाल्कम पावडरचा छोटा डबा. जेवणात तूप किंवा रस्सा सांडला तर चोळू नका. रुमालाने टिपून वर पावडर टाका, ती तेल शोषून घेते, नंतर झटका. अत्तर कपड्यावर नको, अंगावर लावा, कोट घालायच्या आधी. वरातीत फेसाचे फवारे आणि रंगीत धूर उडवणाऱ्या मित्रांना प्रेमाने पण ठामपणे आधीच सांगून ठेवा. त्या रंगाने खराब झालेले नग मी दर हंगामात बघतो आणि त्यातले बरेच डाग निघत नाहीत.

रिसेप्शन संपल्यावर कपडे ओले असताना घडी करून पिशवीत कोंबू नका. रात्रभर पंख्याखाली टांगा. डाग पडला असेल तर घरी धुवायचा प्रयत्न करू नका. कशाचा डाग आहे ते चिठ्ठीवर लिहून नगाला टाचा. कशाचा आहे हे कळलं की धुलाईवाल्याला तो काढणं सोपं जातं, आणि खरं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचं डिपॉझिट कापताना आमचाही हात आखडतो. यादी घेऊन एकाच फेरीत सगळे नग परत द्या, दुकानदारासमोर मोजा, डिपॉझिट तिथेच घ्या आणि बिलावर "जमा" लिहून सही घ्या.

आणि परत देण्याआधी खिसे बघा, आतलेसुद्धा. मला आजवर खिशांत आहेराची पाकिटं मिळाली आहेत, हॉलच्या चाव्या मिळाल्या आहेत, एकदा नीट गुंडाळून ठेवलेल्या मुंडावळ्या मिळाल्या. भाड्याच्या कोटाच्या आतल्या खिशाचं अस्तर बऱ्याचदा उसवलेलं असतं, त्यात ठेवलेली अंगठी सरळ खाली घेरात जाऊन बसते. म्हणून घेराची कडही दोन्ही हातांनी चाचपून बघा.